पुठ्ठ्याचा चष्मा आणि गवंड्याची नळी

कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या सभेत गेल्या महिन्यात दीड तास एकाच विषयावर खल झाला. शाळेसाठी आभासी वास्तवाचे, म्हणजे आता सर्रास ज्याला व्हीआर म्हणतात त्याचे, तीस चष्मे आणि त्यांच्यासोबतचे तयार धडे विकत घ्यावेत की नाही, हा तो विषय. विक्रेत्याने प्रात्यक्षिकासाठी एक चष्मा आणला होता. तो डोळ्यांवर चढवताच एका ज्येष्ठ विश्वस्तांसमोर डायनोसॉर उभा राहिला, ते दचकून मागे सरकले, चहाची किटली कलंडली आणि सभेत हशा पिकला. पुढची चर्चा मात्र गंभीर होती. एका बाजूचे म्हणणे असे की, मोठ्या शहरांतली मुले शाळेत बसून मंगळावर फिरून येऊ लागली आहेत, मग आपल्या मुलांनी अजून फळ्यावर खडूने काढलेला मंगळच पाहत बसावे का? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी जूनपासून मोडलेली आहे, ती आधी बसवा, मंगळाचे मग पाहू. निर्णय न होताच सभा संपली. त्या संस्थेत मी भूगोल शिकवतो आणि सभेत मला बोलायची पाळी आली नाही, म्हणून हे लिहितो आहे असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

या वादात दोन्ही बाजू एकमेकींच्या विरुद्ध उभ्या दिसतात, पण त्यांच्या पायाखालची फरशी एकच आहे. चष्मा घ्या म्हणणारे आणि घेऊ नका म्हणणारे, दोघेही मुलाला प्रेक्षक धरून चालतात. कोणीतरी कुठेतरी दृश्य तयार करणार, शाळा ते विकत घेणार आणि मूल ते पाहणार, हा क्रम दोघांनाही मान्य आहे. भांडण फक्त खर्चाचे आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मुलांनी नुसते पाहायचे असेल तर एकही चष्मा घेऊ नये. मुलांनी आपल्या अभ्यासाचे दृश्य स्वतः बनवायचे असेल तर जरूर घ्यावेत, आणि मग तीस लागणार नाहीत, दोन पुरतील. कारण या साधनातले शिक्षण चष्म्याच्या आत फारच थोडे आहे. जे आहे ते दृश्य बनवताना करावी लागणारी मोजणी, विचारपूस, निवड आणि खाडाखोड यांत आहे.

बनवणे म्हणजे काहीतरी अवघड, अभियंत्यांचे काम, अशी समजूत असते, म्हणून दोन शब्द त्याविषयी. काठीला फोन बांधून स्वतःभोवती फिरत घेतलेले फोटो जोडून एक अखंड गोल चित्र तयार करणारी ॲप फुकट मिळतात. ते चित्र ब्राउझरमध्ये दाखवण्यासाठी ए-फ्रेम नावाची मुक्त चौकट २०१५ मध्ये मोझिलाने उपलब्ध केली. तिच्यात एक दृश्य उभे करायला दहा-बारा ओळी पुरतात, आणि त्या ओळी आठवीतली मुले चुकतमाकत लिहू शकतात. पाहण्यासाठी पुठ्ठ्याची खोकी आणि दोन भिंगे एवढ्यावर भागते. गूगलने असा पुठ्ठ्याचा चष्मा २०१४ मध्येच लोकांपुढे ठेवला होता. फोन आणि शाळेच्या संगणक कक्षातले जुने संगणक आधीच हाताशी असतील, तर या सगळ्याला खर्च फारसा येत नाही. वेळ मात्र भरपूर जातो, त्याकडे पुढे येतो.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा सभेत कोणी मांडलाच नाही, म्हणून तो मीच मांडतो. या चष्म्यांनी शिकणे वाढते असे संशोधन सरसकट सांगत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतील पॅरॉंग आणि मेयर यांनी २०१८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. जीवशास्त्राचा एकच धडा काहींना व्हीआरमधून आणि काहींना साध्या स्लाइडवरून दिला. व्हीआरवाल्यांना धडा अधिक आवडला, गुण मात्र स्लाइडवाल्यांना अधिक मिळाले. पुढच्याच वर्षी मकरान्स्की आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही असेच दिसले की, आभासी प्रयोगशाळेत आपण खरोखर तिथे आहोत ही भावना वाढते, पण शिकणे घटते. हे निष्कर्ष विक्रेत्याच्या पत्रकात सापडायचे नाहीत. तथापि पहिल्या अभ्यासाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो विरोधकही सांगत नाहीत. त्यात व्हीआरचा धडा तुकड्यांत देऊन प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना पाहिलेल्याचा सारांश स्वतः लिहायला लावला, आणि नुसता धडा पाहणाऱ्यांपेक्षा त्यांची कामगिरी सरस ठरली. थोडासा सारांश लिहिण्याने एवढा फरक पडत असेल, तर ते दृश्यच मुलांना उभे करायला लावले तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर त्या प्रयोगात नाही. माझ्याकडे एक अनुभव आहे, तो सांगतो.

आमचे गाव पंचगंगेच्या काठावर, राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. पावसाळ्यात इथे प्रत्येकाच्या तोंडी दोन आकडे असतात : ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी. पहिलीतल्या पोरालाही ते पाठ असतात. सातवी-आठवीच्या एका तुकडीला मी सांगितले की, पूर आला की आपल्या शाळेच्या पटांगणात पाणी कुठवर येते, ते दाखवणारे दृश्य करा. मुलांनी पटांगणाला लागून असलेल्या व्हरांड्यात काठी उभी करून चित्र घेतले. सपाट पाहिले तर ते चित्र विचित्र दिसते. व्हरांड्याच्या छताचा डोक्यावरचा पंखा वरच्या कडेला चित्राच्या सगळ्या रुंदीभर फासल्यासारखा पसरला होता. असे का झाले, हा प्रश्न मुलांनीच विचारला, आणि नकाशा प्रक्षेपणाचा जो धडा मी इतकी वर्षे ग्रीनलँडचे उदाहरण देऊन, कोणाच्याही चेहऱ्यावर काहीही न उमटता, शिकवत आलो होतो तो त्या पंख्याने दहा मिनिटांत शिकवला. गोल सपाट केला की ध्रुव ताणला जातो. पंखा आमचा उत्तर ध्रुव होता.

मग पाणी. दृश्यात पाणी म्हणजे एक निळसर, अर्धपारदर्शक पातळ पत्रा, आणि तो किती उंचीवर ठेवायचा हे सांगणारा एकच आकडा. मुलांनी ४३ फुटांचे मीटर केले, १३.१ हा आकडा भरला आणि सगळे दृश्य निळे झाले. शाळा गेली, वडाचे झाड गेले, देवळाचा कळस गेला. वर्गात पहिल्यांदा आनंद, मग शांतता, आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, असं असंल तर दरवर्षी आमचं घर बुडून वर दोन मजले पाणी पाहिजे की ओ!" ज्या मुलाने हे विचारले त्याचे वार्षिक परीक्षेतले गुण मी इथे सांगत नाही. पण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचल्या जाणाऱ्या त्या आकड्याचा अर्थ आपल्याला कळलेला नाही, हे गावात सर्वप्रथम त्याच्या लक्षात आले. ४३ फूट ही रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे. बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेली ती उंची आहे. मग ते शून्य आपल्या पटांगणाच्या किती खाली?

हे शोधायला मुलांनी जो मार्ग काढला तो मला सुचला नसता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात बंधाऱ्यावरचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. गावातल्या एका आजोबांनी पूर ओसरताच घराच्या भिंतीवर पाण्याची खूण कोळशाने करून नंतर तिच्यावर तेलरंग ओढून ठेवला होता. ती रेघ शाळेच्या भिंतीवर आणली तर ५५ फूट म्हणजे शाळेत कुठे हे कळेल, आणि त्याखाली बारा फूट मोजले की ४३. रेघ आणायची कशी? तुकडीतल्या एका मुलीचे वडील गवंडी. ते आपली पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आले, नळीच्या दोन टोकांत पाणी एकाच पातळीला राहते हे विज्ञानाच्या पुस्तकातले वाक्य मुलांच्या हातात आले, आणि त्या आजोबांच्या घरापासून शाळेपर्यंत अकरा टप्प्यांत, भिंतीवरून विजेच्या खांबावर, खांबावरून गोठ्याच्या चौकटीवर, ती रेघ चालत आली. "नळीत बुडबुडा राहिला की लेवल गेली म्हणून समजा," एवढेच ते गृहस्थ पुन्हा पुन्हा सांगत होते.

शाळेच्या भिंतीवर रेघ जमिनीपासून सुमारे चार फुटांवर आली. म्हणजे ४३ फुटांची पातळी पटांगणाच्या आठ फूट खाली. धोका पातळीला शाळा कोरडी असते! पण त्याच पातळीला गावात येणारा ओढ्यावरचा रस्ता पाण्याखाली असतो, हे दुसरे दृश्य ओढ्यापाशी घेतल्यावर दिसले. शाळा बुडत नाही, शाळेत येण्याची वाट बुडते. शेवटी एका मुलीने अशी शंका काढली की, नदीचे पाणी उताराने वाहते, मग आपल्या गावातली आणि बंधाऱ्यावरची पातळी सारखीच बारा फुटांनी उतरेल कशावरून? त्याचे पक्के उत्तर आमच्यापैकी कोणालाही देता आले नाही, म्हणून दृश्यातल्या पाटीवर मुलांनी ४३ च्या आधी 'अंदाजे' हा शब्द घातला. त्या एका शब्दाइतके भूगोलाचे समाधान मला निकालाच्या टक्केवारीने कधी दिलेले नाही.

आता कोणी म्हणेल, पुराचे उत्कृष्ट तयार दृश्य बाजारात मिळते, त्यात पाणी खरोखर वाहते, घरे कोसळतात, आवाजही येतो. आमच्या दृश्यातले पाणी भिंतीच्या पुढे आहे की मागे हेही नीट कळत नव्हते. मान्य आहे. पण त्या तयार दृश्यात १३.१ हा चुकीचा आकडा भरायला जागा कुठे असते?

तयार दृश्ये निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. हृदयाच्या झडपा, ज्वालामुखीचे तोंड, चंद्राची पाठ या गोष्टी मुलांना काठीला फोन बांधून टिपता येणार नाहीत, आणि त्या एकदा पाहायला मिळाव्यात हे योग्यच आहे. पण त्यासाठी प्रत्येक शाळेने कपाट भरायची गरज नाही. तारांगण पाहायला जसे आपण वर्षातून एकदा सहल काढून जातो, तसे तालुक्याच्या ठिकाणी एक केंद्र पुरे. शिवाय भाड्याच्या दृश्यांचा भरवसा किती? गूगलने शाळांसाठी एक्स्पिडिशन्स नावाची आभासी सहलींची सोय २०१५ मध्ये आणली, जगभरच्या शिक्षकांनी तिच्यावर आपले तास बसवले, आणि जून २०२१ मध्ये कंपनीने ती बंद केली. इथे माझ्याच युक्तिवादाला एक ठेच लागते हे मला ठाऊक आहे, कारण त्याच सुमारास मुलांना स्वतः सहली बनवू देणारे टूर क्रिएटर हे साधनही बंद झाले. फरक इतकाच की, ज्यांनी बनवले होते त्यांच्याकडे फोटो, मोजमापे आणि हातातले कसब शिल्लक राहिले, आणि ते दुसऱ्या साधनात उतरवता आले. ज्यांनी नुसते पाहिले होते त्यांच्याकडे रिकामी खोकी राहिली. पंधरा ऑगस्टला पताका लावण्यासाठी ज्याच्यावरचे कापड काढले जाते, असा लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आपल्या किती शाळांत आहे, हे केंद्रप्रमुखांना विचारून पाहावे.

साधन बाहेरून येते तेव्हा आशयही बाहेरूनच येणार, असे आपण गृहीत का धरतो? १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर आपल्या देशात उपग्रह दूरचित्रवाणीचा मोठा शैक्षणिक प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. तंत्राच्या दृष्टीने ते अपूर्व होते. पण ओडिशापासून राजस्थानपर्यंतच्या खेड्यांसाठी केंद्रीय स्टुडिओत बनलेला कार्यक्रम कोणत्याच खेड्याचा नसतो, ही अडचणही तेव्हाच जाणवली. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, पीज इथल्या छोट्या प्रक्षेपकावरून, दुसरा प्रयोग सुरू झाला. त्यात स्थानिक माणसे, त्यांची बोली, त्यांचे सावकार आणि त्यांची भांडणे पडद्यावर आली, आणि गावकरी कार्यक्रम घडवण्यात सामील झाले. १९८४ मध्ये युनेस्कोने ग्रामीण संज्ञापनासाठी गौरव केला तो या दुसऱ्या प्रयोगाचा. पहिल्याकडे उपग्रह होता, दुसऱ्याकडे गाव होते.

आणि कोल्हापूरकरांना हे गुजरातवरून शिकायची गरज तरी काय? चलच्चित्रांचे तंत्र या शहरात आले तेव्हा बाबूराव पेंटर आणि आनंदराव यांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट पाहिली नाही. आनंदराव मध्येच गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये इथेच कॅमेरा तयार केला आणि त्यावर चित्रपट काढले. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आणि लेथवर हात बसलेल्या माणसांचे ते काम. पुढे दामले, फत्तेलाल, शांताराम त्याच कारखान्यात घडले आणि १९२९ मध्ये त्यांनी याच गावात प्रभात उभी केली. त्या पिढीला नुसती तिकिटे काढून परदेशी चित्रपट पाहायला लावले असते, तर आपण उत्तम प्रेक्षक झालो असतो, इतकेच. ही तुलना ताणू नये हे मला कळते. आठवीतले मूल म्हणजे बाबूराव नव्हे. परंतु नवे यंत्र गावात आले की ते आधी उघडून पाहायचे, ही सवय या मातीत होती आणि ती उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये अजून आहे. नेमक्या शाळेतच ती का नसावी?

'आधी स्वच्छतागृह' या आक्षेपाकडे वळतो, कारण तो सगळ्यांत प्रामाणिक आहे. कडी बसलीच पाहिजे, आणि त्यासाठी सभेची वाट पाहावी लागते हीच लाजिरवाणी गोष्ट आहे. परंतु 'आधी हे, मग ते' या रांगेत शिकण्याची नवी रीत नेहमीच शेवटी उभी राहते आणि तिचा नंबर कधी लागत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले तेव्हा संस्थानात उणिवा थोड्या होत्या का? ज्या राजवटीत राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले, त्याच राजवटीत खेड्यापाड्यांत शाळा उघडत होत्या. आधी पाणी की आधी पाटी, असा प्रश्न त्या राजाने केला नाही. शिवाय माझ्या प्रस्तावात तीसऐवजी दोन चष्मे आहेत. उरलेल्या पैशांत किती दारांना कड्या बसतील याचा हिशेब दुसऱ्या बाजूच्या सभासदांनी अवश्य करावा.

माझा स्वतःचा धसका वेगळाच आहे, आणि तो पहिल्या वर्षीच्या फजितीतून आला. तेव्हा मी एका तुकडीला गुऱ्हाळघरावर दृश्य करायला दिले होते. विषय सुंदर : चुलवाणातला जाळ, काहिलीत उसळणारा रस, भेंडीच्या चिकाने वर येणारी मळी, आणि पाक झाला की नाही हे थंड पाण्यात थेंब टाकून, बोटांनी गोळी वळवून ठरवणारा गुळव्या. त्याला विचारले असते तर रसायनशास्त्राचे दोन तास झाले असते. मुलांनी काय केले? तीन आठवडे पार्श्वसंगीत निवडण्यात घालवले, अक्षरे सोनेरी केली, ती गोल गोल फिरवली, आणि अखेरीस जे तयार झाले ते लग्नाच्या व्हिडिओसारखे होते. फक्त नवरा-नवरीच्या जागी ढेपा होत्या. काहील किती तापली, रस किती आटला, गुळव्याला गोळी कशी कळते, याचा एक शब्द त्यात नव्हता. बनवले की शिकणे होतेच, हे त्यामुळे मी म्हणणार नाही. आपल्या राज्यात 'ज्ञानरचनावाद' हा शब्द प्रशिक्षणांतून आला आणि पुष्कळ ठिकाणी वर्गाच्या फरशीवर रंगवलेल्या वर्तुळांवर येऊन थांबला. मुलांनी ज्ञान रचण्याऐवजी रंगाऱ्याने ते फरशीवर रचले. व्हीआरचेही तसेच होऊ शकते, किंबहुना या माध्यमाची चमक जास्त असल्यामुळे लवकर होऊ शकते.

त्या फजितीनंतर मी काही बंधने घातली. संगीत नाही. तीनपेक्षा जास्त दृश्ये नाहीत. आणि दृश्यातल्या प्रत्येक पाटीखाली ती माहिती कुठून आली हे एका शब्दात लिहायचे : पाहिले, मोजले, विचारले किंवा वाचले. ही शेवटची अट दिसायला लहान, पण तिने सगळा नूर बदलला. 'वाचले' या शब्दाची मुलांना काही दिवसांनी लाज वाटू लागली आणि 'मोजले' लिहायला मिळावे म्हणून ती धडपडू लागली. पन्हाळ्याच्या अंबरखान्यावर दृश्य करणाऱ्या गटाला माहितीफलक एक सांगत होता आणि तिथला वाटाड्या दुसरे. त्यांनी दोन पाट्या लावल्या, एकीखाली 'वाचले' आणि दुसरीखाली 'विचारले'. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा यापेक्षा वेगळी काय असते?

मुलांनी बनवलेल्या दृश्यात चुका असतील, हा आक्षेप मला तितकासा जड वाटत नाही. वहीतही चुका असतातच; तिथे त्या लाल शाईखाली दडतात, इथे सगळे गाव बुडते आणि सगळ्यांना दिसतात.

शिक्षकांच्या वेळेविषयी मात्र माझ्याकडे गोड उत्तर नाही. पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि रोज नवे ऑनलाइन तक्ते यांत शाळेतला तास आधीच आखडलेला आहे. पुराच्या त्या दृश्याला आम्हाला पाच आठवडे लागले, आणि त्यातला बराच वेळ शाळा सुटल्यानंतरचा होता. सगळ्या पाठांना हे करायचे म्हटले तर अभ्यासक्रम दिवाळीतच गुंडाळावा लागेल. म्हणून वर्षातून एका तुकडीने एकच विषय करावा. तो असा निवडावा की, ज्याचे दृश्य जगात दुसरे कोणी करणार नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्राचा देव घाट चढून पंचगंगेच्या काठी कसा आला, हे कोणती परदेशी कंपनी आपल्यासाठी बनवणार आहे? खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाच्या उघड्या छताखाली उभे राहून वर्तुळाकार आकाश टिपायला हे माध्यम जणू जन्मालाच आले आहे. आणि एक विषय पाच आठवडे धरून ठेवला की त्यातून प्रक्षेपण, मीटर-फूट, द्रवाची पातळी आणि अंदाजाची भाषा इतके पाठ निघत असतील, तर वेळ गेला असे म्हणायचे की नाही, हे पुन्हा एकदा तपासावे.

विषमतेचा मुद्दाही खरा आहे, पण तो चष्म्यापाशी नसून फोनपाशी आहे. ज्याच्या वडिलांकडे चांगला फोन, तो आपोआप दिग्दर्शक होतो, आणि मुली 'अक्षर चांगले आहे' या सबबीखाली पाट्या लिहीत बसतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी नेमके हेच झाले. आता फोन शाळेचा एकच असतो आणि आठवड्याला हात बदलतो. डोळ्यांचे म्हणाल तर उत्पादक स्वतःच लहान मुलांसाठी वयाची अट घालतात आणि ती पाळावी; बनवणारे मूल चष्मा घालते ते पाच आठवड्यांत मिळून फार तर अर्धा तास.

एक अडचण मात्र अशी आहे की, जिच्याकडे या वादात कोणाचेच लक्ष नाही. या माध्यमाला चौकट नसते. साध्या फोटोत जे नको ते बाहेर ठेवता येते. इथे चहूबाजूंचे सगळे येते. ओढ्यापाशी घेतलेल्या चित्रात पाठीमागे दारात भांडी घासणाऱ्या एक काकू आल्या होत्या. मुलांना ते दृश्य पुन्हा घ्यायचा कंटाळा; मी विचारले, त्यांना विचारलेत का? दोन मुली गेल्या. काकूंनी चित्र बघितले आणि म्हणाल्या, "मला असू दे, पर त्या दोरीवरचं धुणं काढून परत घ्या." दुसऱ्या दिवशी धुणे काढून, काकूंना लुगडे बदलायला वेळ देऊन, ते पुन्हा घेतले गेले. आणि कॅमेऱ्यामागे लपायला जागाच नसल्यामुळे चित्र घेणाऱ्या मुलांना दर वेळी भिंतीआड पळावे लागते, तेव्हा आपण जिथे उभे राहतो तिथून आपणही दिसतो, हे त्यांना पळता पळताच कळते.

शाळेच्या भिंतीवरची ती रेघ गेल्या उन्हाळ्यात रंगकामात गेली. मुख्याध्यापकांनी हळहळ व्यक्त केली, रंगाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते. यंदाच्या तुकडीने त्याच आजोबांच्या भिंतीवरून, त्याच नळीने, नव्याने रेघ आणली. मग जुन्या मुलांनी केलेले दृश्य संगणकावर उघडून त्यातल्या रेघेशी ती ताडून पाहिली, तर खिडकीच्या चौकटीपासून नवी रेघ दीड इंच वर निघाली. जुनी मुले आता हायस्कूलच्या वरच्या वर्गांत आहेत. ती म्हणतात नव्यांच्या नळीत बुडबुडा होता, नवी म्हणतात जुन्यांच्या. गवंडी काकांना रविवारी बोलावले आहे.